छोटी मोटर अडते, किरकिरते, दमते: तेलाची बाटली उघडायच्या आधी हे बघा

रेकॉर्ड प्लेयर, कॅसेट डेक, शाळा-कॉलेजच्या लॅबमधले स्टरर, जुने चार्ट रेकॉर्डर, अशा नाजूक वस्तूंमधल्या बोटभर मोटरींबद्दल लिहितोय. पंप, मिक्सर, कूलर यांना यातलं सगळं लागू होत नाही. आधी लक्षणं, आपलं कुठलं ते ओळखा:

– स्विच टाकला की नुसतं घूं करते, फिरत नाही, बोटाने ढकललं की चालते.
– चालू करताना किर्र किर्र, दहा मिनिटांनी आवाज बंद.
– उलटं, म्हणजे आधी गप्प असते आणि तापली की ओरडायला लागते.
– स्पीड कमी, गाणं जड येतं, गायकाला सर्दी झाल्यासारखं.
– स्पीड हलतो, लांब सूर लहरतो.
– कधी चालते कधी नाही, टपली मारली की चालते.
– मोटर हात लावू देत नाही इतकी तापते, किंवा वास येतो. (वास येत असेल तर पुढचं वाचत बसू नका, आधी पिन काढा, मग खाली "इथं थांबा" लिहिलंय तिथं जा.)

हीच लक्षणं घेऊन माझ्याकडे लोक येतात आणि दहातल्या बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं, "तेल घातलं की ओ, तरी तसंच." मी मनात म्हणतो, तरी नाही मालक, म्हणूनच. छोटी मोटर कोरडी पडून बिघडते हे खरं आहे, पण चुकीचं तेल, जास्त तेल आणि चुकीच्या जागी तेल यांनी जास्त बिघडतात. त्यामुळे माझ्या यादीत तेल बऱ्याच खाली आहे, आणि तेलाच्या वरच्या गोष्टींना जवळपास पैसे लागत नाहीत.

पहिलं: करंट नीट येतोय का

अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलंय म्हणून ९ येतातच असं नाही. मल्टिमीटर लावून बघताना वस्तू चालू ठेवून बघा. नुसत्या मोकळ्या अडॅप्टरला मीटर लावला तर मरायला टेकलेला अडॅप्टर पण ९ दाखवतो, लोड आला की पाचावर येतो, आणि तुम्ही मोटरला दोष देत बसता. पोलॅरिटी पण बघा, काही जुन्या वस्तूंना पिनच्या आत मायनस असतो आणि बाहेर प्लस, बाजारात मिळणारा साधा अडॅप्टर बरोबर उलटा असतो. बॅटरीवर चालणारं असेल तर स्प्रिंगवरचा हिरवा-पांढरा थर खरवडा. नव्या सेलवर वस्तू ठणठणीत चालली तर मोटरचा विषय तिथंच संपला.

२३० व्होल्टवर डायरेक्ट चालणाऱ्या सिंक्रोनस मोटरचं एक वेगळं आहे. तिचा स्पीड लाइनच्या ५० हर्ट्झला बांधलेला असतो, व्होल्टेजला नाही. त्यामुळे "आमच्या एरियात व्होल्टेज कमी आहे म्हणून प्लेयर हळू चालतो" हे तिच्या बाबतीत चालत नाही, ती एकतर बरोबर स्पीडला चालेल नाहीतर अडखळून थांबेल. मोटर बरोबर आणि ताट (ज्यावर रेकॉर्ड ठेवतो ते) हळू असेल तर बेल्ट घसरतोय. शेडेड पोल मोटर (२३० व्होल्टचीच, पण दुसऱ्या प्रकारची साधी मोटर) मात्र व्होल्टेज आणि लोड दोन्हीने स्पीडला थोडी मागेपुढे होते.

दुसरं: बेल्ट काढा आणि मोटर एकटी चालवा

ही सगळ्यात उपयोगी टेस्ट आणि फुकट. पिन काढा, बेल्ट किंवा आयडलर (मोटरवरून ताट फिरवणारं मधलं रबरी चाक) बाजूला करा, मग मोटर एकटीच चालू करा. एकटी मस्त चालतेय, आवाज नाही, स्पीड आहे, म्हणजे भानगड पुढे आहे: बेल्ट सैल झालाय, आयडलरचं रबर कडक होऊन चकाकायला लागलंय, कॅप्स्टनचं (कॅसेटची टेप ओढणाऱ्या दांड्याचं) फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, जाम आहे, टेप दाबून धरणारा पिंच रोलर फिरत नाहीये. जुने बेल्ट तर आपल्याकडच्या मे महिन्यात, बेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत, कपाटात पडल्या पडल्या डांबर होतात, हाताला लागलं की साबणाने निघत नाही. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, पुलीच्या खाचेत काडीला कापूस गुंडाळून, कारण खाचेत राहिलेला एक कण सुद्धा नव्या बेल्टला प्रत्येक फेरीला उडवतो. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी असतं आणि बऱ्याचदा ग्लिसरीन पण, पुसल्यावर चिकट थर मागे राहतो.

बेल्ट काढलेला असतानाच ताट किंवा फ्लायव्हील हाताने फिरवून सोडा. बराच वेळ फिरत राहिलं तर ते ठीक आहे. दोन फेऱ्यात थांबलं तर साफसफाई त्याची करायची, मोटरची नाही. आणि इतकं करून मोटर एकटी असताना पण रडतेय, तरच पुढे.

तिसरं: तूस

हे खास आपलं सोलापूरचं. पूर्व भागात ज्यांची घरं आहेत, अशोक चौकाकडे किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ, त्यांना सांगायला नको, घरात पंख्यावर, ट्यूबवर, कोळिष्टकावर कापसाचं तूस बसलेलं असतं. टर्की टॉवेलचे लूम जवळ असतील तर विचारूच नका. हे तूस मोटरच्या शाफ्टला गुंडाळतं, बुशच्या (शाफ्ट ज्यात फिरतो त्या छोट्या नळीच्या) तोंडाशी त्याची वाटी बनते, आणि ती वाटी बुशमधलं तेल शोषून घेते. बाहेरून बघितलं तर तेल दिसतं, ओलं दिसतं, पण बुश आतून कोरडा. वरून आपण अजून तेल घालतो ते पण तूसच पितं आणि त्यावर धूळ बसून पेस्ट होते, ती शाफ्ट घासते.

चिमटा घ्या, भिंग घ्या, शाफ्ट हळूहळू फिरवत तूस ओढून काढा. ब्लोअर किंवा कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तूस आत कम्युटेटरपर्यंत (शाफ्टवरच्या पट्ट्या, ज्यांवर कार्बनचे ब्रश टेकून करंट आत जातो) जातं आणि मग मोटर उघडावीच लागते. जुना मऊ पेंट ब्रश बरा. मेटलचा चुरा बघा, चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा बारीक कीस घासत असतो, तो चिकटपट्टीने उचलायचा. कितीतरी मोटरी इथंच बऱ्या होतात आणि गिऱ्हाईकाला वाटतं मी काहीच केलं नाही, पैसे कशाचे, ते जाऊ दे.

चौथं: आवाज कधी येतो ते ऐका

थंड असताना आवाज आणि तापल्यावर बंद, म्हणजे तेल आटून घट्ट झालंय, गरम झालं की पातळ होतं. यावर वरून तेल घालून तात्पुरतं बरं वाटतं, पण आधी जुनं काढायला पाहिजे. उलट, आधी गप्प आणि तापल्यावर किर्र, म्हणजे बुश कोरडा आहे किंवा झिजलाय. टक टक असा ठोका आला तर शाफ्ट पुढेमागे सरकतोय, शेवटची वॉशर झिजली किंवा पडली. कमी व्होल्टच्या मोटरला लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बुशजवळ टेकवून मूठ कानाला लावा, कुठल्या टोकाचा आवाज आहे ते लगेच कळतं. २३० व्होल्टच्या वस्तूवर हा प्रकार अजिबात करायचा नाही.

मग पिन काढून शाफ्ट बोटात धरून आडवा हलवा. पुढेमागे थोडासा प्ले (सैलपणा) असतो, असायलाच पाहिजे. आडवा प्ले हाताला जाणवला तर बुश गेलाय, त्याला कुठलंही तेल भरून काढू शकत नाही. जाड तेल घातलं की महिनाभर गप्प बसतो एवढंच, विकणारे असंच करून विकतात, जुन्या बाजारात घेताना शाफ्ट हलवूनच घ्या.

पाचवं: आता तेल

थोडं कारण सांगतो कारण कारण कळलं की चूक होत नाही. अशा मोटरींत बहुतेक वेळा बॉल बेअरिंग नसतं, पितळी रंगाचा छोटा बुश असतो. तो ओतीव नसतो, ब्रॉन्झची पावडर दाबून, भट्टीत भाजून केलेला असतो आणि स्पंजासारखी त्यात बारीक छिद्रं असतात. त्याच्या आकारमानाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं तेल फॅक्टरीतच त्या छिद्रांत भरलेलं असतं. शाफ्ट फिरला, बुश तापला की तेल बाहेर येतं, थंड झाला की परत आत ओढलं जातं. म्हणून हा बुश वर्षानुवर्षं तेल न घालता चालतो. आता यात ग्रीस भरलं की छिद्रं बुजली, तो बुश संपला. ग्रीस प्लास्टिकच्या गिअरला, तेही प्लास्टिकला चालणारं. मोटरच्या बुशला नाही.

कुठलं तेल चालत नाही ते आधी.

खोबरेल: चोवीस डिग्रीच्या आसपास गोठतं. जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांत सकाळी बाटलीत काय होतं ते आपण बघतोच, तेच बुशमध्ये होतं. दुपारी चालणारा प्लेयर सकाळी चालत नाही म्हणून आणतात, वास घेतला की कळतं.

करडई, शेंगदाणा, घरातलं कुठलंही खायचं तेल: करडईचं तेल तर हवेत सुकतं, म्हणूनच ते रंगात आणि वार्निशमध्ये वापरतात. मोटरमध्ये पण ते वार्निशच होतं, पिवळा-तपकिरी, नखाने न निघणारा थर. भाकरीबरोबर चटणीवर घ्या, मोटरमध्ये नको.

डब्ल्यूडी-४०: यावर लोक माझ्याशी वाद घालतात. १९५३ साली अमेरिकेत ते पाणी हटवायला, गंज टाळायला बनवलं, नावातच वॉटर डिस्प्लेसमेंट आहे. त्यात बराच भाग उडून जाणारा सॉल्व्हंट. मारल्या मारल्या मोटर सुसाट पळते कारण घट्ट तेल विरघळतं, पण सोबत बुशच्या छिद्रातलं चांगलं तेल पण धुऊन निघतं आणि काही दिवसांनी मोटर आधीपेक्षा वाईट ओरडते. अडकलेला नट सोडवायला बेस्ट आहे, इथं नाही.

सिलिकॉन स्प्रे: ब्रश असलेल्या मोटरजवळ आणायचाच नाही. त्याची वाफ कार्बनच्या ठिणगीत जळून कडक थर बसतो आणि कार्बन लवकर झिजतो.

गाडीचं इंजिन ऑइल: त्यात काजळी धरून ठेवणारे डिटर्जंट असतात, ते इथं काही कामाचे नाहीत. गाडीतून काढलेलं काळं तेल घालणारे पण आहेत, त्यांना काय बोलणार.

चालतं ते असं. अगदी लहान, कॅसेट डेकच्या डीसी मोटरला शिलाई मशीनचं पातळ, पाण्यासारखं स्वच्छ तेल, नवी सीलबंद बाटली, कारण सुटं मिळणारं कशात काय मिसळलेलं असतं कळत नाही. रेकॉर्ड प्लेयरच्या २३० व्होल्टच्या थोड्या मोठ्या आणि तापणाऱ्या मोटरला जरा जाड पाहिजे: टर्बाइन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल ६८ नंबर, हे साधारण एसएई २० (तेलाच्या जाडीचा नंबर) च्या जवळ जातं. शिलाईचं तेल तिथं उन्हाळ्यात फार पातळ पडतं, खाली ओघळून येतं. टर्बाइन ऑइल किरकोळीत मिळत नाही ही खरी अडचण, एमआयडीसीत कोणी ओळखीचं असेल तर छोटी बाटली भरून मागा, तेवढी आपल्याला आयुष्यभर पुरते.

घालायचं कसं. इन्सुलिनची सिरिंज घ्या, सुईने बुश आणि शाफ्टच्या सांध्यावर एक थेंब, शाफ्ट हाताने फिरवायचा, तो आत ओढला जाऊ द्यायचा, बाहेर राहिलेलं टिश्यूने पुसायचं. बुशभोवती नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) रिंग असेल तर तिला दोन-तीन थेंब, कारण तीच बुशची टाकी आहे. बस. कार्बन असलेल्या टोकाकडे तर अर्धा थेंब पण विचार करून, कारण तिथून तेल कम्युटेटरवर गेलं की कार्बनच्या काळ्या पावडरीशी मिसळून पेस्ट होते, ती पट्ट्यांच्या मधल्या फटीत बसते आणि मोटर आतल्या आत शॉर्ट होते. जास्त तेल घालून मेलेल्या मोटरी अशा मरतात.

जुनं घट्ट तेल असेल तर मोटर उघडून शाफ्ट अल्कोहोलने पुसायचा, बुश स्वच्छ करायचा आणि पूर्ण सुकू द्यायचा. इथं पेट्रोल वापरू नका, बंद खोलीत आणि जवळ ठिणगी देणारी मोटर, सांगायला पाहिजे का. असा धुतलेला बुश आतून रिकामा झालेला असतो, वरून थेंब टाकून भरत नाही. बुश सुटा निघत असेल तर एक युक्ती: दहा-वीस मिलीच्या सिरिंजमध्ये बुश टाका, तो बुडेल इतकं तेल घ्या, हवा काढून टाका, टोकावर बोट दाबून दट्ट्या ओढा. बुशमधून बारीक बुडबुडे येतील, ती छिद्रातली हवा. सोडलं की त्या जागी तेल शिरतं. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत करत राहायचं. हे बघायला लै मजा येते, पोरांना दाखवा.

उघडताना वॉशर कुठल्या क्रमाने निघाल्या त्याचा फोटो काढा. नायलॉनची पातळ वॉशर तेलाने बुशला चिकटून बसते, दिसत नाही, मग जमिनीवर शोधत बसतो आपण आणि ती तिथंच असते.

तेल बरोबर लागलं का हे कानाने ठरवू नका. डीसी मोटर असेल तर मल्टिमीटर मिलीअँपवर सिरीजमध्ये लावून, बेल्ट काढून, तेलाच्या आधीचा करंट लिहून ठेवा आणि नंतरचा बघा. उतरला पाहिजे. तसाच राहिला तर अडचण बुशची नव्हती.

सहावं: कार्बन, कम्युटेटर, कॉइल, कंडेन्सर

टपली मारली की चालणारी मोटर इथं सापडते. मोटरच्या दोन वायरींच्या टोकांना मीटर ओहमवर लावून शाफ्ट अगदी हळू फिरवा. तीन कॉइलच्या साध्या मोटरमध्ये आकडा थोडा वरखाली होईल पण प्रत्येक जागी काहीतरी दाखवेल. एकाच जागी मीटर एकदम ओपन झाला तर तिथली कॉइल तुटलीय किंवा ब्रश टेकत नाहीये. मोटर त्या जागी थांबली की सुरू होत नाही आणि बोट लावलं की पळते. कॅसेट डेकच्या मोटरीत आत स्पीड कंट्रोलचं छोटं बोर्ड असतं, बाहेरून घेतलेला आकडा त्याचा येतो, ते बाजूला करून घ्यायचा.

कम्युटेटर काळा असेल तर अल्कोहोलची काडी, आणि पट्ट्यांमधल्या फटी टूथपिकने. पॉलिश पेपर मारू नका, यातल्या काही लहान मोटरींत ब्रश कार्बनचे नसून केसासारख्या बारीक पत्र्याचे असतात आणि त्यांच्यावर किमती धातूचा पातळ मुलामा असतो, तो गेला की गेला. झाकण काढतानाच ते ब्रश वाकतात, म्हणून हे काम हात स्थिर असणाऱ्यानेच करावं.

एसी मोटर उलटी फिरते किंवा घूं करून दोन्हीकडे डुलते, तर फेजचा कंडेन्सर (मोटरला फिरायची दिशा देणारा) उतरलाय. स्वस्त पार्ट आहे, पण त्यावर लिहिलेला मायक्रोफॅरॅड आणि व्होल्ट तोच घ्यायचा, आणि काढायच्या आधी त्यातला चार्ज घालवायचा.

स्पीडचा स्क्रू, मोटरच्या पाठीवरच्या छोट्या भोकातला, तो सगळ्यात शेवटी. सगळेजण तोच सगळ्यात आधी फिरवतात. फिरवायच्या आधी पेन्सिलने खूण करा. रेकॉर्ड प्लेयरचा स्पीड बघायला स्ट्रोब डिस्क (रेघा छापलेली चकती, ताटावर ठेवायची) लागते: आपल्या ५० हर्ट्झवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० रेघांची डिस्क, रेघा स्थिर दिसल्या की स्पीड बरोबर. ५० हर्ट्झचीच डिस्क घ्या, ६० ची घेतली तर आकडा चुकेल. चांगल्या एलईडी बल्बखाली हे दिसत नाही कारण तो लुकलुकत नाही, जुनी चोकवाली ट्यूब किंवा छोटा निऑन दिवा घ्या.

इथं थांबा

जळका वास, वायंडिंगवर काळा डाग, किंवा वार्निशचे फोड दिसले: थांबा, वायंडिंगवाल्याकडे द्या.

२३० व्होल्टच्या वस्तूच्या बॉडीला हात लावला की मुंग्या येतात: पिन काढून थांबा. इथं ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) इन्सुलेशन बघावं लागतं, एक मेगओहमच्या खाली असेल तर ती वस्तू लावायचीच नाही. टेस्टर पेटतो-नाही पेटतो यावर हे ठरत नाही.

घूं करून अडकलेली एसी मोटर "बघू सुटते का" म्हणून चालू ठेवू नका, काही मिनिटांत वायंडिंग जातं. एकदा, दोनदा, बस.

लॅबचं सेंट्रिफ्यूज: मोटरपर्यंत जाऊ नका. मिनिटाला तीन-चार हजार फेऱ्यांवर रोटर जरा तिरका बसला तर झाकण फोडून बाहेर येतो. कंपनीचा माणूस बोलवायचा, पत्र लिहून, कॉलेजला सांगून, जे असेल ते.

नेब्युलायझर, सक्शन, ऑक्सिजनचं मशीन, पेशंटला लागणारं काहीही: घरी उघडायचं नाही. ऑक्सिजनजवळ तेल तर पेटतं.

कॅमेऱ्याच्या लेन्समधली मोटर: तेलाचा अंश ब्लेडवर आणि काचेवर सरकत जातो. तिथं माझ्यासारख्याने पण हात घालू नये, मी घालत नाही.

आणि आडवा प्ले आलेला बुश किंवा तुटलेली कॉइल असेल तर बोटभर डीसी मोटरला रिवाइंडिंग परवडत नाही, नवीच घ्या. दुकानात जाताना जुनी सोबत न्या आणि तिच्यावरच्या चार गोष्टी जुळवा: व्होल्ट, आरपीएम (कॅसेटच्या बऱ्याच मोटरींवर २४०० असतं), फिरायची दिशा, शाफ्टची जाडी. दिशा लोक हमखास विसरतात. आत स्पीड कंट्रोल असलेली मोटर वायर उलट्या लावून उलटी फिरत नाही, बोर्ड तेवढं जळतं. पुली जुन्या शाफ्टवरून ठोकून काढू नका, चिमट्याने उपटू पण नका, वाकडी झाली की स्पीड कायमचा लहरतो, छोटा पुलर मिळतो तो वापरा. नवी मोटर बसवल्यावर तिच्यात तेल घालायचं नाही, ती भरूनच येते.